दुसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक

माझ्या धंद्यात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक सोपं. त्याला आपला आवाज स्पीकरमधून ऐकायचा असतो, थोडा इको हवा असतो आणि निघताना हातात पेनड्राइव्ह. चहा पाजला की खूश. अवघड असतं ते दुसऱ्यांदा येणारं. त्यातही त्याचं पहिलं गाणं चाललेलं असेल तर विचारूच नका. पहिल्या वेळी एकटा मोटरसायकलवर आलेला पोरगा दुसऱ्या वेळी चारचाकीतून उतरतो आणि त्याच्यामागून आणखी चौघं उतरतात. एक यूट्यूब चॅनलवाला, एक बँडमालक, एक मामा आणि एक जण कोण ते शेवटपर्यंत कळत नाही; पण मिक्सबद्दल, म्हणजे कोणता आवाज किती ठेवायचा याबद्दल, सगळ्यात जास्त तोच बोलतो.

धुळ्याला देवपुरात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. बाहेरच्या पाटीवर 'स्टुडिओ' असं लिहिलंय, आत भिंतींना फोम आणि फोम संपला तिथे गोधड्या. लग्नाच्या सीझनला अहिराणी गाणी, श्रावणात कानबाईची गाणी, निवडणूक लागली की रिक्षांवरचा प्रचार, डिसेंबरात शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक. रॉक म्हणावं असं या खोलीत आजवर कोणी काही वाजवलेलं नाही. तरी आज निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडबद्दल लिहितोय. हिटनंतरच्या गाण्याचा जो तमाशा मी दर सीझनला इथे बसून पाहतो, त्याचाच फार मोठा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत झाला होता आणि त्या खेळात बरोबर मधोमध आमच्या बिरादरीचा माणूस उभा होता. रेकॉर्डिंग करणारा.

मला हे बँड कळलं ते मावसभावामुळे. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत येताना टीडीकेची डी-९० कॅसेट घेऊन आला. होस्टेलवर कोणाकडून तरी भरून घेतलेली, वर निळ्या पेनाने नावं. एका बाजूला 'नेव्हरमाइंड', दुसऱ्या बाजूला 'इन युटेरो'. दोन्ही अल्बम चाळीस-बेचाळीस मिनिटांचे, त्यामुळे एकेका बाजूवर चपखल बसलेले. शब्द तेव्हा दहातले दोन कळायचे. पण कॅसेट उलटी केली की काहीतरी बदलतं हे कळायचं. ए बाजूला ड्रम मोठा, गुळगुळीत, सिनेमातला. बी बाजूला ड्रम खोलीत. म्हणजे कुठल्यातरी खऱ्या खोलीत एक माणूस जिवाच्या आकांताने बडवतोय आणि आपण त्याच खोलीत दाराशी उभे आहोत. ए बाजू लावली तर आई काही बोलत नसे. बी बाजू लागली की स्वयंपाकघरातून हाक यायची, "बंद कर रे ते!" तीच तीन पोरं, तेच गिटार-बेस-ड्रम, गाणाराही तोच. मग आईला फरक कशाचा कळत होता? या एका प्रश्नापायी मी पुढे या धंद्यात पडलो, असं म्हटलं तरी चालेल.

ज्यांना आधीची गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉशिंग्टन राज्यात ॲबरडीन नावाचं लाकूडकामावर जगणारं गाव, तिथली दोन पोरं, कर्ट कोबेन आणि क्रिस्ट नोव्होसेलिक. पहिला अल्बम 'ब्लीच' १९८९ चा, सब पॉप या छोट्या कंपनीचा, सहाशे डॉलरच्या आसपास रेकॉर्ड केलेला. मग डेव्ह ग्रोल ड्रमवर आला, मोठ्या कंपनीशी करार झाला आणि २४ सप्टेंबर १९९१ ला 'नेव्हरमाइंड' आला. कंपनीला फार आशा नव्हती. अमेरिकेत सुरुवातीला सेहेचाळीस हजारांच्या आसपास प्रती निघाल्या. जानेवारी १९९२ मध्ये याच अल्बमने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला बिलबोर्डच्या पहिल्या नंबरवरून खाली ओढलं. पुढे जगभरात खप कोटींत गेला.

'नेव्हरमाइंड' प्रोड्यूस केला बुच व्हिगने आणि मिक्स केला अँडी वॉलेसने. कोबेनला एकच ओळ दोनदा गाऊन आवाज जाड करणं पटत नव्हतं, तेव्हा जॉन लेनन असंच करायचा असं सांगून व्हिगने त्याला राजी केलं. (ही युक्ती मीही वापरतो. फक्त लेननच्या जागी कोणाचं नाव घ्यायचं ते गिऱ्हाईक पाहून ठरवतो.) अल्बम विकला गेला आणि मग कोबेन म्हणायला लागला की हे फार चकाचक झालंय, पंक (म्हणजे कच्चं, बंडखोर रॉक) राहिलंच नाही. आता यात खरं किती आणि नखरा किती यावर वाद घालता येईल. मला विचाराल तर दोन्ही. ज्या आवाजाने घर भरलं त्याच आवाजाला नावं ठेवायला सवड लागते, ती सवड त्याला त्याच आवाजाने दिली. पण म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही.

तर पुढच्या अल्बमसाठी, म्हणजे 'इन युटेरो'साठी, त्याने माणूस निवडला स्टीव्ह अल्बिनी. शिकागोचा, स्वतः बिग ब्लॅक नावाच्या कर्कश बँडमध्ये वाजवलेला, जिभेला हाड नसलेला. पिक्सीज या बँडचा १९८८ चा 'सर्फर रोझा' त्याने रेकॉर्ड केला होता आणि कोबेनचा त्या आवाजावर जीव होता. अल्बिनी स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायला तयार नसे. मी रेकॉर्ड करतो, एवढंच.

काम ठरण्याआधी अल्बिनीने बँडला एक लांबलचक पत्र लिहिलं. ते नेटवर सहज सापडतं, या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा वाचावं. त्यातल्या दोन गोष्टी मी कधी विसरलो नाही. एक, रेकॉर्डला आठवड्याहून जास्त वेळ लागत असेल तर कोणीतरी माती खातंय. दुसरी पैशांची. मोठ्या अल्बमवर प्रोड्यूसरला विक्रीतला टक्का मिळायची रीत होती, आजही आहे. अल्बिनीने हिशोब मांडला की एक-दीड टक्का धरला आणि तीस लाख प्रती खपल्या तर माझे चारेक लाख डॉलर होतात. आणि पुढे लिहिलं की एवढे पैसे मी घेणार नाही, मला झोप लागणार नाही. गाणी बँडची, लोक विकत घेतात तेही बँडला. मला प्लंबरसारखे पैसे द्या. काम केलं, त्याचे पैसे घेतले, विषय संपला. शेवटी त्याने एकरकमी एक लाख डॉलर घेतले आणि टक्का शून्य. स्टुडिओचं भाडं चोवीस हजार डॉलर झालं, तेही कंपनीकडून न घेता बँडने स्वतःच्या खिशातून भरायचं असं त्याने सुचवलं होतं आणि तसंच झालं.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि अल्बमबद्दल लिहिणारे तिच्यावरून घाईने पुढे जातात. लोक गिटारच्या किंकाळीवर आणि कोबेनच्या दुःखावर पानंच्या पानं लिहितात. अरे, आधी खोलीत कोण बसलं होतं ते बघा. भाडं बँडचं. रेकॉर्डिंगवाल्याला खपावर दमडी मिळणार नाही, म्हणजे गाणं रेडिओवर वाजलं काय नि नाही वाजलं काय, त्याला सारखंच. कंपनीचा माणूस जवळ नाही. 'लोकांना काय आवडेल' हा प्रश्न विचारायलाच तिथे कोणी नव्हतं. माझ्या खोलीत हा प्रश्न दर दहा मिनिटांनी विचारला जातो आणि विचारणारा नेहमी तोच असतो ज्याने ना एक ओळ लिहिलेली असते ना एक मात्रा वाजवलेली असते.

फेब्रुवारी १९९३. जागा मिनेसोटा राज्यातल्या कॅनन फॉल्सजवळचा पॅकिडर्म स्टुडिओ, गावाबाहेर झाडीत, बाहेर बर्फ. बुकिंग खोट्या नावाने, 'सायमन रिची ब्लूग्रास एन्सेम्बल'. सायमन रिची म्हणजे सेक्स पिस्टल्स या पंक बँडमधल्या सिड व्हिशसचं खरं नाव, तेव्हा ज्याला कळायचं त्याला कळलं असतं. दुपारी काम सुरू, जेवायला थांबायचं, पुन्हा मध्यरात्रीपर्यंत. बहुतेक गाण्यांचा पाया तिघांनी एकत्र, एकाच वेळी वाजवला. काही वेगवान गाण्यांचे ड्रम शेजारच्या स्वयंपाकघरात नेऊन वाजवले, तिथला घुमारा चांगला होता म्हणून. दोन आठवड्यांत वाजवणं, गाणं, मिक्स, सगळं उरकलं.

स्वयंपाकघरातला ड्रम हे वाचलं त्या दिवशी मला आमचा जिनिंगचा शेड आठवला.

ते जरा सविस्तर सांगतो, कारण यावर माझा जीव आहे. आमच्याकडचा लग्नातला मोठा ढोल माझ्या खोलीत रेकॉर्ड केला की तेलाचा रिकामा डबा बडवल्यासारखा येतो. सगळा दोष फोमचा आणि गोधड्यांचा. ढोलाला हवा लागते, अंतर लागतं. तो मुळात गल्लीत वाजवायचा म्हणूनच बनलेला. म्हणून बहुतेक जण सरळ ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यातला तयार ढोल वापरतात आणि म्हणून खान्देशातल्या निम्म्या गाण्यांत एकच ढोल वाजतो, वाजवणारा कोणीही असो. एका उन्हाळ्यात मी ओळखीतल्या एका जिनिंगवाल्याला म्हटलं, कापसाचा सीझन उठलाय, शेड मोकळा आहे, एक सकाळ द्या. त्याला वाटलं लग्नाला हवाय.

पहाटेच गेलो. उशीर केला असता तर पत्रा तापून तडतडायला लागला असता आणि ती तडतड प्रत्येक टेकमध्ये आली असती. वर कबुतरं होतीच, त्यांना इलाज नाही. ढोल शेडच्या मधोमध ठेवला. एकेक माइक दोन्ही तोंडांना जवळून. आणखी दोन माइक वीस फूट लांब, एक जमिनीलगत, एक शिडीला बांधून डोक्याच्या वर. ढोलवाला विचारतो, "ढोल आढे, माइक तढे, काबरं?" म्हटलं, "वाजवा तर, नाना." त्याने पहिली थाप मारली आणि हेडफोनमध्ये आधी कातड्यावर टिपरू आपटल्याचा आवाज आला आणि त्याच्या पाठोपाठ शेड बोलला.

त्या पाठोपाठचा हिशोब असा. आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. वीस फुटांवरच्या माइकला थाप सतरा-अठरा मिलिसेकंद उशिरा पोचते. अल्बिनी काय करायचा, तर ड्रमपासून लांब ठेवलेल्या माइकांचा आवाज मुद्दाम आणखी थोडा मागे ढकलायचा, दहा-वीस मिलिसेकंद. मग ठोका स्वच्छ राहतो आणि खोली त्याच्या मागे उभी राहते, दोन्ही एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. मी मिक्सला बसल्यावर तेच केलं. ऐकायला तयार कान लागत नाहीत, कोणालाही कळतं. 'सेंटलेस ॲप्रेंटिस' या गाण्याची सुरुवात एकदा चांगल्या स्पीकरवर ऐका. ग्रोल नुसता ठोके टाकतोय, बाकी काही सुरू व्हायच्या आधी. आईला दारापलीकडून कळायचं ते हेच. इथे कोणीतरी खरंच काहीतरी बडवतंय.

घरी येऊन माइकच्या जाळीतून कापसाचे तंतू चिमट्याने काढत बसलो, तो भाग पुस्तकात नसतो.

आता भांडण. मिनेसोटातून टेप आल्या आणि कंपनीतल्या लोकांना, व्यवस्थापनातल्या लोकांना त्या आवडल्या नाहीत. एप्रिलमध्ये अल्बिनीने 'शिकागो ट्रिब्यून'ला सांगून टाकलं की कंपनी हा अल्बम बाहेर काढेलसं मला वाटत नाही. मग 'न्यूजवीक'ने त्यावर लिहिलं. बँडने उलट पत्र लिहून कंपनीने आमच्यावर दबाव आणलेला नाही असं म्हटलं आणि ते पत्र 'बिलबोर्ड'मध्ये पानभर जाहिरात म्हणून छापलं. आता पानभर जाहिरात देऊन 'आमचं भांडण नाही' असं सांगणारे लोक म्हणजे... आमच्याकडे भाऊबंदकीत असं झालं की गाव काय समजायचं ते समजतं.

पण मला इथे अल्बिनीच्या भक्तांपासून वेगळं व्हावं लागतं. गोष्ट अशी सांगितली जाते की कलाकाराने खरा, कच्चा आवाज दिला आणि शेटजींनी तो धुऊन काढायला लावला. एवढं सोपं नव्हतं. टेप घरी नेऊन ऐकल्यावर खुद्द कोबेनलाच गाण्याचा आवाज आणि बेस कमी वाटायला लागला होता. बॉब लुडविगने मास्टरिंग करताना, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, त्यातलं बरंच सावरलं. आणि दोन गाणी, 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज', आर.ई.एम. या बँडचे अल्बम करणाऱ्या स्कॉट लिटकडे पुन्हा मिक्सला गेली. 'हार्ट-शेप्ड बॉक्स'मधल्या गिटारच्या सोलोवर एक विचित्र इफेक्ट होता, तो नोव्होसेलिकला अजिबात सहन होत नव्हता. अल्बिनीने आधी टेप द्यायलाच खळखळ केली. बाकी दहा गाणी त्याने मिक्स केली तशीच राहिली. म्हणजे एवढी ओरड झाली ती बारातल्या दोन गाण्यांची.

गाणाऱ्याचा आवाज मागे ठेवायची अल्बिनीची खोड होती. त्याच्या लेखी गळा हेही एक वाद्यच, बाकीच्यांच्या रांगेत उभं राहावं. तत्त्व म्हणून छान आहे. पण माझ्या खोलीत असा मिक्स लावला की साक्रीकडचा पोरगा अर्ध्या मिनिटात हेडफोन काढतो आणि म्हणतो, "भाऊ, ढोल ते भारी शे, पन मना आवाज कोठे शे?" त्याचं चूक नाही. गाण्यात शब्द असतील आणि ते लिहिणाऱ्याला ऐकू यावेत असं वाटत असेल तर ती बाजारू मागणी होत नाही. २०१३ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून अल्बमची मोठी आवृत्ती निघाली, तिच्यात या दोन गाण्यांचे अल्बिनीने तेव्हा केलेले मिक्स आहेत आणि अख्ख्या अल्बमचा त्याने नव्याने केलेला मिक्सही. मी ते एकापाठोपाठ एक लावून ऐकले आहेत. 'हार्ट-शेप्ड बॉक्स' लिटचा बरा. कोबेनने त्यात मागाहून अकूस्टिक गिटार आणि वरचा आवाज भरला, त्याने गाणं उघडतं. 'ऑल अपॉलॉजीज'बद्दल मात्र माझं मत दर दोन वर्षांनी बदलतं, सध्या अल्बिनीकडे झुकलंय. केरा शॅली या बाईने वाजवलेला चेलो त्यात जास्त अंगाशी येतो.

सप्टेंबर १९९३ मध्ये अल्बम आला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत एक लाख ऐंशी हजार प्रती, थेट पहिला नंबर. पुढे तिथेच पन्नास लाखांपर्यंत गेला. आता गंमत बघा. त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याच राज्यातल्या सिॲटलच्या पर्ल जॅम या बँडचा 'व्हर्सेस' आला, तोही मोठ्या हिटनंतरचाच अल्बम, आणि त्याच्या पहिल्याच आठवड्यात साडेनऊ लाखांच्या आसपास प्रती खपल्या. तो तेव्हाचा विक्रम. पर्ल जॅमने तर त्याचा एकही व्हिडिओ काढला नव्हता. आमच्या चॅनलवाल्यांना हे सांगितलं की ते एकच निष्कर्ष काढतात: बघा, गोड मिक्स जास्त चालतो. 'व्हर्सेस' त्यांनी ऐकलेला नसतो हे वेगळं. गोड तोही नाही.

आणखी एक प्रकरण आहे, ते शहरातल्या समीक्षकांना आवडत नाही. वॉलमार्ट आणि केमार्ट या दुकानांच्या साखळ्यांनी 'इन युटेरो' ठेवायला नकार दिला. मागच्या कव्हरवरच्या चित्राची अडचण, एका गाण्याच्या नावाची अडचण. मार्च १९९४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी प्रत निघाली. मागचं चित्र बदललं, गाण्याचं नाव बदलून 'वेफ मी' केलं. आत गाणं तेच. यावरून बँडला बरेच टोमणे बसले, बंडखोर म्हणवता आणि दुकानदारापुढे वाकता वगैरे. बँडच्या बाजूने सांगितलेलं कारण असं की कोबेन लहान होता तेव्हा त्याच्या गावच्या पोरांना कॅसेट मिळायची ती अशाच दुकानात, दुसरं दुकान नव्हतंच.

ज्याच्या शहरात चार रेकॉर्डची दुकानं आहेत त्याने हसावं. आमच्याकडे गल्लीतल्या कॅसेटवाल्याकडे एका भिंतीवर हिंदी, एका भिंतीवर भजनं-भावगीतं-लोकगीतं आणि गल्ल्याखालच्या खोक्यात 'इंग्लिश' म्हणून जे काही असेल ते. त्याने नाही ठेवलं तर जळगावला जा, नाशिकला जा, नाहीतर मावसभावाची वाट बघा. ॲबरडीनच्या पोराला केमार्टमध्ये अल्बम मिळावा म्हणून मागचं चित्र बदललं असेल तर माझी काही हरकत नाही. ठोका बदलला असता तर होती.

५ एप्रिल १९९४ ला कोबेन गेला आणि मग या अल्बमची प्रत्येक ओळ लोकांनी मृत्युपत्रासारखी वाचायला सुरुवात केली. मला ती वाचायची पद्धत आवडत नाही, म्हणून मी तिकडे जात नाही. पहिल्याच गाण्यात तो आपल्या प्रसिद्धीची टिंगल करतो, तरुणपणाच्या त्राग्याचे पैसे बरे मिळाले पण आता कंटाळा आला, अशा अर्थाची. एका गाण्याचं नावच 'रेडिओ फ्रेंडली युनिट शिफ्टर' आणि ते रेडिओवाल्यांना पळवून लावेल असं. तीन माणसं खोलीत बसून हसतायत हेही त्यात ऐकू येतं, ऐकायचं असेल तर.

आता आमच्या साक्रीकडच्या पोराचं. त्याचं पहिलं गाणं अहिराणी, लग्नातलं, नाचायचं. यूट्यूबवर लाखांत गेलं आणि दोन सीझन प्रत्येक बँडच्या गाडीवर वाजलं. दुसऱ्यांदा ती सगळी वरात घेऊन आला तेव्हा चॅनलवाला खुर्चीत बसायच्या आधीच बोलला, "मांगला गानासारखंच पाहिजे. बठ्ठं तसंच." तीच लय, कीबोर्डचा तोच टोन, सुरुवातीला तीच हाळी. शब्द तेवढे नवीन. पोरगा गप्प होता. चहाला बाहेर आलो तेव्हा म्हणाला, एक संथ गाणं आहे, आजीचं, त्यात नुसता ढोल आणि मामाची पावरी, ते फुंकून वाजवायचं वाद्य, हवी. मग मामा कशाला आला होता ते कळलं. पिशवीत पावरी होती, कोणी विचारलंच नव्हतं म्हणून काढली नव्हती.

दोन्ही केली. एक दिवसा, चॅनलवाल्यासमोर, ऑक्टोपॅडवर. दुसरं जिनिंगच्या शेडमध्ये, पहाटे, कबुतरांसकट. दुसऱ्याचा मिक्स करताना पोराचा आवाज मी बराच पुढे घेतला, अल्बिनी असता तर ओरडला असता. दिवसा केलेलं गाणं चॅनलवर आलं, चाललं, आधीच्याइतकं नाही. चॅनलवाला म्हणतो टोन थोडा वेगळा लागला म्हणून. शेडमधलं गाणं अजून पोराच्या मोबाइलमध्येच आहे. लग्नात बँड थांबला की कोणाकोणाला ऐकवतो.

पैशांची बोलणी झाली तेव्हा चॅनलवाल्याने मला टक्का देऊ केला. व्ह्यूजमधून जे येईल त्यातला. मी नको म्हटलं, एकरकमी द्या, आणि सवयीने अल्बिनीची गोष्ट सांगितली, प्लंबर, चार लाख डॉलर, झोप, सगळं. अल्बिनी ७ मे २०२४ ला गेला, एकसष्ट वर्षांचा होता, तोवर त्याने हा नियम मोडला नाही, हेही सांगितलं. पोराने कौतुकाने ऐकलं. चॅनलवाल्याने जास्तच कौतुकाने ऐकलं, त्याचे पैसे वाचत होते. ढोलवाले नाना कोपऱ्यात तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "तुम्ही टक्का लेतस नहीत ती तुम्हनी हौस शे. माले कोनी देवाले ते पाहिजे."

यावर मला काही सुचलं नाही आणि अजूनही फारसं सुचलेलं नाही. टक्का नाकारायला आधी तो कोणीतरी पुढे करावा लागतो. अल्बिनीला तो पुढे केला गेला होता आणि नाकारूनही हातात लाख डॉलर होते. नानांच्या थापेवर पोराचं ते पहिलं हिट गाणं उभं होतं, तिचे त्यांना एका दिवसाचे पैसे मिळाले, आणि पुढे दुसऱ्या बँडवाल्यांनी तीच थाप ऑक्टोपॅडमध्ये भरून घेतली तिचे तेवढेही नाही. पत्रात रेकॉर्डिंगवाल्याचा हिशोब नीट मांडलाय. ढोलवाल्याचा त्यात नाही. तिथे ढोल वाजवणारा बँडमधलाच एक होता, त्याची वेगळी सोय लागत नव्हती.

माझे मी एकरकमीच घेतले. चॅनलवाल्याला म्हटलं, जो टक्का मला देत होता तो नानांच्या नावावर लिहा. तो म्हणाला, पाहू. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली, तो अजून पाहतोच आहे. नानांनी मात्र पुढच्या सीझनपासून आपला दिवसाचा दर वाढवलाय आणि शेडमध्ये वाजवायचं असेल तर वेगळे.